पंचफुलाबाईचं खरं वय

आमच्या आजीचं नाव पंचफुला. शेंदूरजनाघाटात तिला या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. फक्त पोस्टमन दारात उभा राहून 'पंचफुलाबाई नत्थुजी यावले' असं पूर्ण नाव वाचायचा आणि ती आतून ओरडायची, "हाये! अजून हाये!"

आम्ही नातवंडं तिला तोंडावर आजी म्हणायचो आणि पाठीमागे बुढी. तिला दोन्ही ठाऊक होतं. पाठीमागचं नाव तिला जास्त आवडायचं. "तोंडावर काय, सारेच गोड बोलतात," म्हणायची.

ती लग्न होऊन शेंदूरजनाघाटला आली ते १९६४ साल. आबाजी, म्हणजे नत्थुजी, तेव्हा एकवीस-बावीसचे. फार सरळ माणूस. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचे आणि तोवर समोरच्याचं बोलून व्हायचं. त्यांची धाकटी बहीण जमुना चौदा वर्षांची होती. नव्या नवरीला दारात अडवायचा मान नणंदेचा. नवरीनं नाव घ्यायचं, नणंदेनं हसून वाट द्यायची, अशी रीत. जमुना हसली नाही आणि वाटही देईना. आजीनं एक उखाणा घेतला, दुसरा घेतला. जमुना चौकटीला दोन्ही हात लावून उभीच. "असे त मलेबी येतात," म्हणाली. मागं सगळे पाहुणे उन्हात तळत होते. तेव्हा आमच्या सोळा वर्षांच्या आजीनं पदर सावरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिसरा उखाणा घेतला:

"वावरात बुजगावनं, दारात ननद,
नत्थुजीचं नाव घेतो, वाट नोको करू बंद."

गल्ली हसली. आबाजीही हसले, आणि जमुनाला खरं झोंबलं ते तेवढंच. ती बाजूला झाली, पण होता होता नवरीच्या पायावर पाय देऊन गेली.

"तथूनच आमचं सुरू झालं," आजी सांगायची. सांगताना अशी हसायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही आपल्या नवऱ्याबद्दलच बोलते आहे.

जमुनाआजीला पुढं अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळीला दिलं. दोघींचे जिल्हे वेगळे झाले, पण भांडण तुटलं नाही. दरवर्षी तिकडून नव्या तुरीची डाळ यायची आणि तिच्यात हमखास खडे असायचे. इतके सारखे, गोल खडे, की ते निवडून घातले असावेत. इकडून संत्र्याची पेटी जायची. वरचे दोन थर साखरेसारखे, खाली आंबटढाण. दोघींपैकी एकीनंही कधी तक्रार केली नाही. उलट भेट झाली की एकमेकींना सांगायच्या, "लय मस्त होती वो दाळ," "संत्रे त काय, अमृत!"

एका वर्षी डाळीत खडाच निघाला नाही. आईनं दोनदा पाखडून पाहिली, एकही नाही. आजी सकाळपासून सैरभैर. दुपारी तिनं बाबांना हाक मारली, "बंडू, बार्शीटाकळीले फोन लाव. जमनी बिमार त नाई पाय." आणि खरंच, जमुनाआजी आठ दिवस तापानं झोपून होती. डाळ सुनेनं भरून पाठवली होती. आजी दुसऱ्याच दिवशी जाऊन पंधरा दिवस तिच्या उशाशी बसली. परत आली ती तिथल्या सगळ्या बायकांसमोर जमुनाला पेज भरवताना काय काय बोलून घेतलं ते आम्हाला ऐकवत.

आबाजी १९९१ साली गेले. बगीच्यात झाडांना पाणी सोडता सोडता बांधावर बसले, ते उठले नाहीत. आजी त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेल. बाबा तेवीस वर्षांचे, पण वडिलांसारखेच दोनदा खाकरणारे. संत्र्याचा बगीचा आजीनंच हातात घेतला. त्या वर्षी माल पाहायला बाहेरगावचा एक खरीददार आला. बाईमाणूस, वरून नवीनच विधवा, म्हणजे सौदा आपल्या मनासारखा होणार, असं धरून आला असावा. एक फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट हाये बाई. बम आंबट. असा माल कोन घेईन?"

"व्हय काय?" आजी म्हणाली. "मंग हे पाहा बरं. हे शेजारच्या बगीच्यातलं हाये. त्यायचा माल गोड असते म्हनतात."

घरात गेली आणि दुसऱ्या ताटलीत दुसरी फोड घेऊन आली. खरीददारानं खाल्ली. मान डोलावली. "हे! याले म्हनतात संत्रा. असा माल पायजे."

"शिल्लक हाये न," आजी म्हणाली आणि तिनं पदराखालून अर्धवट सोललेलं संत्रं काढून त्याच्यासमोर ठेवलं. दोन्ही फोडी त्या एकाच संत्र्याच्या. ओट्यावर बसलेली माणसं इतकी हसली की खरीददारालाही हसावं लागलं. पुढं तो वीस वर्षं आमच्याकडेच आला. आला की आधी म्हणायचा, "बाई, गोड हाये. न खाता सांगतो."

हे बहुतेक मी ऐकलेलं. माझा जन्म आबाजींनंतर दोन वर्षांनी. मी दामिनी, बंडूची मुलगी. अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवते. आता सांगते ते मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

२०२२ च्या पोळ्याच्या सुमारास जमुनाआजी एकटीच बार्शीटाकळीहून आली. एवढा लांबचा प्रवास तिनं एकटीनं कधी केला नव्हता. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि ब्लाऊजमधून एक चिठोरी काढून आजीपुढं धरली.

"वाच वयनी."

"चष्मा नाई. तूच सांग."

"तिकीट हाये. एसटीचं. किती लिवलं? शून्य! सरकारनं पंच्याहत्तरच्या वरच्यायले फुकट केलं न आता. कंडक्टर मले 'या आजी, बसा आजी' करत व्हता. मी आता सरकारची पाहुनी हावो."

आजीनं ते तिकीट हातात घेतलं, उलट केलं, सुलट केलं. मग माझ्याकडं बघितलं. "दामिनी, ही कधी पंच्याहत्तरची झाली वो? माह्या लग्नात ही फ्राकात व्हती."

खरं होतं. जमुनाआजी आजीपेक्षा दोन वर्षांनी लहान. पण आधारच्या वेळी तिच्या मुलानं, कुंदनकाकानं, अंदाजानं १९४४ साल सांगून टाकलं होतं. जमुनाआजी त्या एका चुकीवर अठ्ठ्याहत्तरची झाली होती. आणि आमच्या आजीच्या कार्डावर १ जानेवारी १९५०! म्हणजे बहात्तर. अजून अडीच वर्षं अर्धं तिकीट.

आजीचं मात्र कोणाच्या चुकीनं झालं नव्हतं. गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा मशीनवरच्या मुलानं विचारलं होतं, "आजी, वय किती?" आजी म्हणाली होती, "तूच सांग पाहून." मुलगा चांगल्या घरचा असावा. म्हणाला, "असाल साठ-एकसष्ट." आजी इतकी खूश झाली की तिनं तेच लिहू दिलं आणि वर त्याला चहा पाजला.

जमुनाआजी चार दिवस राहिली. चार दिवसांत तिनं ते तिकीट शेजारच्या सगळ्या घरांत दाखवलं. ती गेल्यावर आजीनं मला अमरावतीला फोन केला.

"मले म्हातारं व्हाचं हाये. काय कागद लागतात?"

मी वरूडच्या आधार केंद्रावर चौकशी केली. तिथल्या पायल नावाच्या मुलीनं सांगितलं, जन्माचा दाखला नसेल तर शाळेचा काही कागद आणा, पाहू. जन्माचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. आजीच्या जन्माबद्दल एवढंच माहीत होतं, की त्या वर्षी नाल्याला पूर आला आणि पाटलाची घोडी वाहून गेली. पण शाळेत ती दोन वर्षं गेली होती. तेव्हा एका रविवारी, परतवाड्याला गाडी बदलून, आम्ही अचलपूरकडच्या तिच्या माहेरच्या खेड्यात पोचलो. मुख्याध्यापक धर्मपाल सर सुटीच्या दिवशी आमच्यासाठी मुद्दाम शाळा उघडून बसले होते. चाळिशीचे, हसतमुख. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि धूळ झटकत जुनी दाखल-खारीज रजिस्टरं काढली. चौथ्या रजिस्टरात बोट थांबलं.

"खुशाल सूर्यभान. आणि त्याच्या खाली... पंचफुला सूर्यभान. हे घ्या ताई. जन्म, एक जून एकोणीसशे शेहेचाळीस."

मी हिशोब केला. शहात्तर! मी आनंदानं आजीचा हात दाबला. आजी मात्र रजिस्टरावर वाकली होती. तिनं त्याच ओळीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिवलं गुरुजी?"

सरांनी वाचलं. "शाळा सोडण्याचं कारण. घरकाम."

"घरकाम," आजी म्हणाली. "दोन खोल्याचं घर व्हतं आमचं. त्याचं असं कोनतं काम निंगालं म्हनते!" आणि खिडकीतून बाहेर मैदानाकडं बघत राहिली. मग स्वतःच उठली. "चाला, दाखला द्या गुरुजी. उशीर होऊन राह्यला."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून एकटीच हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलवून. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

"काय झालं आजी?"

"खुशाल दादा साडेसहा वर्साचा व्हता. त्याले शाळेत घालाले बाबा घेऊन निंगाले. तो मले म्हने, पोट्ट्या काय शाळेत जातात? मी बाबाच्या मांगं पयत गेली. मास्तर वय कसं पाहे माहीत हाये? उजवा हात डोक्यावरून न्याचा अन् डावा कान धराचा. पुरला त सहा वर्स. माहा काही पुरे ना."

"मग?"

"मंग काय! मान टाकली तिकडं, अन् दुसऱ्या हातानं कान ओढला वर. पुरला!"

"म्हणजे तू किती वर्षांची होतीस?"

"साडेचार."

मी शांतपणे बोटं मोजली. "आजी! म्हणजे तुझं खरं वय साडेचौऱ्याहत्तर आहे. तू अजून पंच्याहत्तरची नाहीसच."

"सहा महिन्यानं होतोच हावो न."

"पण हे खोटं आहे."

"खोटं कसं? मास्तरनं लिवलं. मी फकत कान दाखवला." आणि तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "तू पोराइले इतिहास शिकवतं न? मंग कागदावर आहे ते खरं का बुढी सांगते ते खरं?"

कागदांवर माझा फार विश्वास होता. तो त्या दिवशी चांदूरबाजारच्या अलीकडं कुठंतरी आजीनं घालवला.

मी चार दिवस विचार करत होते. शेवटी स्वतःला समजावलं, की सरकारी शाळेच्या रजिस्टराला खोटं म्हणणारी मी कोण? दाखला घेऊन वरूडला गेलो. पायलनं फॉर्म भरला आणि आजीला बोटं मशीनवर ठेवायला सांगितली. ठसा उमटेना. पन्नास वर्षं संत्री चाळून, निंदण-खुरपण करून आजीच्या बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झाल्या होत्या. पायलनं बोटं पुसून दिली, पुन्हा ठेवायला लावली. मशीन लाल.

"आजी, जरा जोरात दाबा."

"बाई, याच्यापरीस जोर लावला त मशीन टेबलात जाईन."

सातव्या खेपेला अंगठा लागला. पायलनं टाळी वाजवली. आजीनं पिशवीतून दोन संत्री काढून तिच्यापुढं ठेवली आणि विचारलं, "आता मी केव्हापासून म्हातारी?" पायल म्हणाली, "वीस-पंचवीस दिवसांत कळेल." आजी म्हणाली, "आयुष्य गेलं, कदी लवकर म्हातारं व्हाची घाई नाई केली. आता पाय."

नवं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती निघाली. कुठं, हे विचारायची गरज नव्हती. तिला सोबत हवी होती ती फक्त साक्षीदार म्हणून, त्यामुळे अमरावतीला तिनं गाडी बदलली तेव्हा मी सोबत चढले. गाडी चांगलीच भरलेली. आजी सरळ पुढं जाऊन 'आमदार' असं लिहिलेल्या राखीव सीटवर बसली.

कंडक्टर आला. "आजी, ही आमदाराची सीट हाये."

"तो येईन तवा उठीन."

"तसं नाई आजी, नियम हाये."

"बापू, तुही नोकरी किती वर्साची? तेरा? तेरा वर्सात कदी आमदार एसटीत उभा रायलेला पाह्यला काय?"

गाडी हसली. कंडक्टरनं हात जोडले. मग आजीनं आधार कार्ड काढलं आणि त्याच्या हातात देण्याआधी डावीकडच्या, उजवीकडच्या आणि मागच्या बाईला दाखवून घेतलं. शून्य रुपयांचं तिकीट मिळालं तेव्हा तिनं ते कपाळाला लावलं.

बार्शीटाकळीला जमुनाआजी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. आजी तशीच पुढं गेली आणि वाकून चक्क तिच्या पाया पडली. जमुनाआजी दचकून उठली, शेंगा सांडल्या.

"वयनी! हे काय करून राह्यली? पाप लागते मले!"

"कायचं पाप? तुहं साल चव्वेचाळीस, माहं शेहेचाळीस. सरकारच्या कागदानं तू मोठी. मोठ्याच्या पाया पडाचं असते, जमुनाआक्का."

"आक्का म्हनू नोको!"

"बरं आक्का."

दोन दिवस आजीनं तिला आक्का म्हणून हैराण केलं. जेवताना आधी आक्काला वाढा, आक्काला दात नाहीत भाकर कुस्करून द्या, आक्काला ऐकू येत नाही मोठ्यानं बोला. शेवटी जमुनाआजी कुंदनकाकावर उखडली, "तू कावून लिवलं रे चव्वेचाळीस? मले जवानीतच बुढी करून टाकलं!" तेव्हा ती बहात्तरची होती.

त्यानंतर दोघींचं अजबच झालं. आधी वर्षा-दोन वर्षांत एकदा भेटणाऱ्या या दोघी महिन्यातून एकदा अमरावतीच्या स्टँडवर भेटायला लागल्या. एक वरूडकडून यायची, एक अकोल्याकडून. सोबत डबा, आणि पुढची गाडी लागेल तिकडं जायचं. चिखलदऱ्याला गेल्या, कारंजाला गेल्या, एकदा नुसत्याच यवतमाळच्या स्टँडवर चहा पिऊन परत आल्या. गाडीत एकमेकींशी इतक्या भांडायच्या की लोक सीट बदलून मागं जायचे. मग दोघी पाय पसरून बसायच्या. मला दाट शंका आहे की ते त्याचसाठी होतं.

एकदा दोघी माझ्या घरी मुक्कामाला असताना मी चहा करत होते आणि त्या बाहेर बसल्या होत्या. जमुनाआजी एकदम म्हणाली, "वयनी, त्या दिवशी दारात मी जिद्दीनं नव्हती उभी. मले वाटलं, तू आली म्हंजे माहा भाऊ गेला."

मी हातातली गाळणी तशीच धरून थांबले. आजी म्हणाली, "तुहा भाऊ जाते कुठी वो! त्याले त बगीच्यातून घरी याची वाट धड सापडत नवती." आणि दोघी हसल्या. हसता हसता जमुनाआजीनं नाक पुसलं, आणि मी चहात साखर दुसऱ्यांदा टाकली.

मग २०२४ चा जानेवारी आला. आजी घरी सांगून गेली, "चार दिवस जमनीकडं जातो." नेहमीचंच म्हणून कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं की बुढीच्या बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या. त्यांनी कुंदनकाकाला फोन केला.

"कुंदन, मायले गोळ्या तथूनच घेऊन दे रे."

"कोन्त्या गोळ्या? मामी कुठी इथी आली? माय त उलट तुमच्याकडं गेली काल."

दोन्ही घरांत हलकल्लोळ झाला. आजीचा फोन बंद. जमुनाआजीकडं फोन नव्हताच. बाबांचा मला फोन, कुंदनकाकाचा मला फोन, जणू दोन म्हाताऱ्या मी कपाटात लपवल्या होत्या. मी अमरावतीच्या स्टँडवर फोटो दाखवत फिरले. एक कंट्रोलर फोटो बघून म्हणाला, "ह्या? ह्या त आमदार-आजी हायेत! काल अकोल्याच्या गाडीत बसल्या दोघी." अकोल्याला कुंदनकाका धावले. तिथून पुढं पत्ता लागेना. बाबा पोलिसांत जायला कपडे घालून तयार झाले, तेवढ्यात, तिसऱ्या दिवशी दुपारी, त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बंडू, आवाज येते काय?"

"माय! कुठी हाये तू?"

"थांब, आयक." मग बराच वेळ नुसतं घूं घूं.

"माय, हा कापूस पिंजल्यावानी आवाज कायचा हाये?"

"समुद्र हाये तो! अलिबाग म्हनतात याले. फोन या शेंगदानेवाल्या भाऊचा हाये, जास्त बोलत नाई." आणि ठेवला.

अकोल्याहून पुणे, पुण्याहून अलिबाग. सगळी तिकिटं शून्याची. राहिल्या कुठं? तर पुण्याहून गाडीत भेटलेल्या एका नर्सबाईच्या घरी. तिला आजीनं सांगितलं होतं, "आमच्याकडं तुमची पोट्टी हरवली असती त आमी ठेवली असती." नर्सबाईनं पुढं आम्हाला फोन करून सांगितलं, दोन दिवसांत त्यांनी तिची सगळी भांडी घासून ठेवली आणि तिच्या सासूला झुणका शिकवला.

त्या परत आल्या तेव्हा अमरावतीच्या स्टँडवर आम्ही तिघं ओळीनं उभे होतो. बाबा, कुंदनकाका आणि मी. काय काय बोलायचं ते बाबांनी पाठ करून आणलं होतं. आधी जमुनाआजी उतरली, नाक उन्हानं सोललेलं. मागून आजी, हातात पाण्याची बाटली.

बाबा दोनदा खाकरले. "माय, तू सांगून काहून नाई गेली?"

"सांगतलं असतं त जाऊ देल्लं असतं?"

"नाई."

"मंग?"

बाबांचं पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं. कुंदनकाका आपल्या आईला काही म्हणणार, तर ती म्हणाली, "मले काही इचारू नोको, मी मोठ्या वयनीच्या हुकुमात व्हती." गरज पडली की ती बरोबर लहान व्हायची.

समुद्र कसा होता, असं गल्लीत सगळ्यांनी विचारलं. आजी ती बाटली पुढं करायची आणि म्हणायची, "हा घे, चाखून पाय. एवढं पानी अन् एका झाडाच्या कामाचं नाई."

त्यानंतर ती वर्षभर होती. दिवाळीनंतर जेवण कमी झालं, बीपीचा चढ-उतार सुरू झाला. अमरावतीला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. आजी त्यांना म्हणाली, "तुमी नोका थकू, म्हंजे झालं." २०२५ च्या फेब्रुवारीत, मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी चालू असताना, सकाळी चहा घेऊन ती पुन्हा आडवी झाली. आई बगीच्यातल्या बायकांना भाकरी बांधून देऊन आत आली, तोवर ती गेली होती. कागदावर अठ्ठ्याहत्तरची, खरी सत्त्याहत्तरची.

जमुनाआजी दुपारी पोचली. कुंदनकाकानं गाडी केली होती. ती रडली नाही. आजीच्या पायाशी बसली आणि दोन्ही पाय मांडीवर घेऊन दाबत राहिली, लोक उचलायला आले तरी. त्यानंतर चार दिवस ती कोणाशी बोलेना. मला भीती वाटायला लागली होती.

पाचव्या दिवशी दुपारी भेटायला आलेल्या बायका पुढच्या खोलीत बसल्या होत्या. एकीनं डोळे पुसत म्हटलं, "देवमानूस व्हती बिचारी. गरीब गाय."

"गाय?" कोपऱ्यातून आवाज आला. सगळ्या वळल्या. जमुनाआजी भिंतीला टेकून बसली होती. "कोन गाय? पंचफुला? अवो, बदमाश व्हती! एक नंबरची बदमाश!"

तिनं बसल्या बसल्या पदर खोचला.

"समुद्रावर मले म्हने, चाल जमने, पाय बुडवू. मी म्हटलं, नाई. त मले वढत नेलं. गुडघाभर पान्यात गेलो अन् आली एक लाट. हे बसली न बदकन खाली! लुगडं फुगलं डेरेदार. मी हात देल्ला, त मलेच वढून घेतलं. दोघीबी पान्यात. उठता येते काय? उठाले गेलो का लाट येते, का पुन्हा बसतो. तथी चार पोट्टे फोटू काढून राह्यले. अन् हे काय करते? पान्यात बसूनच उखाना घेते! नवरा मरून तीस वर्स झाले, अन् समुद्रात बसून त्याचं नाव घेते, जोरात!"

"कोन्ता उखाना वो?" मघाची बाई विचारून बसली.

"नाई सांगत," जमुनाआजी म्हणाली. "बायकायच्या समोर सांग्याजोगा नाई." आणि तिला हसू आलं. पहिल्यांदा बारीक, मग आवरेना. बायकाही हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. बाबा बाहेरून घाबरून आत डोकावले.

हसता हसता जमुनाआजीचे डोळे भरून वाहायला लागले आणि चार दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "जाय, चहा टाक सगळ्यायचा. अन् मले बिस्किट दे. सकाळपासून काहीच नाई खाल्लं मी."